मॉनिटर नंतर, केबलचा क्लॅम्प आधी

पत्र थोडक्यात असं: “आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून सेकंडहँड ब्लॅकमॅजिक पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के घेतला आहे. सोबत पॅनासॉनिकची १२-३५ एफ २.८ लेन्स आहे. मे महिन्यात कराडजवळ सहा दिवसांचं लघुपटाचं शूट आहे. निम्मं भर उन्हात रानात, निम्मं रात्री घरात. अॅक्सेसरीजसाठी साठ हजार रुपये उरलेत. दुकानदार म्हणतो, सात इंची रेकॉर्डर-मॉनिटर, फॉलो फोकस आणि मॅट बॉक्स घ्या, बाकीचं नंतर बघू. ऐकावं का?”

नमस्कार. ऐकू नका. त्या तिन्ही वस्तू चांगल्याच आहेत, पण तुमचा कॅमेरा, तुमची लेन्स आणि मे महिना यांच्याशी त्यांचा मेळ बसत नाही. आधी त्या का नकोत ते सांगतो, मग काय घ्यायचं ते.

रेकॉर्डर-मॉनिटरचं, म्हणजे चित्र दाखवता दाखवता ते स्वतः साठवणाऱ्या पडद्याचं, आधी. पॉकेट ४केच्या एचडीएमआयमधून फक्त १०८०पी चित्र बाहेर पडतं. ४के नाही आणि रॉ, म्हणजे सेन्सरचा जवळपास कच्चा डेटा, तर नाहीच. कॅमेऱ्याच्या आत मात्र तुम्ही ४के ब्लॅकमॅजिक रॉ रेकॉर्ड करता. म्हणजे रेकॉर्डरवर जमा होईल ती एचडी प्रत, मूळ फुटेजपेक्षा कमी प्रतीची, आणि तिच्यासाठी वेगळी डिस्क आणि जास्तीची वीज. ज्या कॅमेऱ्यांच्या आत नीट कोडेक (चित्र साठवायची पद्धत) नाही त्यांना रेकॉर्डरचा खरा उपयोग. तुम्हाला साधा मॉनिटर पुरेल.

फॉलो फोकसचं, म्हणजे फोकस रिंग बाहेरून फिरवायच्या चकतीचं, त्याहून सोपं आहे. १२-३५ च्या फोकस रिंगचा आतल्या काचांशी थेट यांत्रिक संबंध नाही. रिंग फिरली की मोटरला संदेश जातो आणि मोटर काचा हलवते. रिंग दोन्ही टोकांना अडत नाही, आणि ती भरभर फिरवली की सावकाश, यावर फोकस किती सरकणार ते ठरतं. त्यामुळे फॉलो फोकसच्या चकतीवर पेन्सिलने खूण केली तरी दुसऱ्या टेकला ती खूण भलतीकडेच असते. पुढे कधी हार्ड स्टॉप असलेली, म्हणजे रिंग दोन्ही टोकांना अडणारी, मॅन्युअल लेन्स घेतलीत तर फॉलो फोकसचा विचार करा. मॅट बॉक्सचं, म्हणजे लेन्ससमोर फिल्टर धरून तिरपा उजेड अडवणाऱ्या चौकटीचं, काम तूर्त स्क्रूवाले फिल्टर आणि लेन्सचं हूड करतील.

आता खरेदी. दर दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून रुपयांऐवजी क्रम देतो. शूट ज्या गोष्टीमुळे आधी बंद पडतं ती आधी घ्यायची.

पॉकेट ४के आधी बंद पडतो तो विजेपायी. आत बसणारी एलपी-ई६ बॅटरी साधारण १४ वॅट-अवरची, आणि कॅमेरा खातो सुमारे २० वॅट. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत खेळ आटोपतो. स्वस्त नकली बॅटरी असेल तर पडद्यावर तीस टक्के दिसत असताना कॅमेरा विझतो, कारण त्या बॅटरीचा व्होल्टेज सरळ रेषेत उतरत नाही, शेवटी कोसळतो. एलपी-ई६ च्या दहा बॅटऱ्या जमवून दिवस काढायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा.

९५ ते ९९ वॅट-अवरची छोटी व्ही-माउंट बॅटरी (कॅमेऱ्याबाहेर प्लेटवर अडकवायची), डी-टॅप (दोन पिनांचं पॉवर सॉकेट) असलेली प्लेट, आणि डी-टॅपपासून कॅमेऱ्याच्या दोन पिनी लॉक होणाऱ्या पॉवर सॉकेटपर्यंतची केबल, हा झाला पहिला संच. व्ही-माउंट पूर्ण चार्ज असताना १६.८ व्होल्ट देते, कॅमेऱ्याचा इनपुट १२ ते २० व्होल्ट घेतो, तेव्हा मध्ये काही लागत नाही. कॅमेरा २० आणि मॉनिटर १०-१२ असे बत्तीस वॅट धरले तर कागदावर तीन तास येतात. हाती अडीच धरा. दहा तासांच्या दिवसाला चार बॅटऱ्या हव्यात. चारही विकत घेऊ नका. एक विकत घ्या, तीन आणि दोन बॅटऱ्यांचा चार्जर पुण्याहून सहा दिवसांसाठी भाड्याने आणा. डी-टॅपमधून चार्ज करणारा छोटा चार्जर साधारण २ अँपिअरचा असतो, एका बॅटरीला तीन तासांहून जास्त लागतात. रात्रीत चार बॅटऱ्या त्यावर होत नाहीत, आणि गावात रात्री वीज गेली तर दोनही होणार नाहीत.

व्ही-माउंट लावल्यावरही आतली एलपी-ई६ काढू नका. बाहेरची वीज तुटली की कॅमेरा आतल्या बॅटरीवर जातो आणि रेकॉर्डिंग चालू राहतं. मोठी बॅटरी बदलताना कॅमेरा बंदही करावा लागत नाही.

बॅटरी बसवायची कुठे, हा प्रश्न बहुतेकांना रिग (कॅमेरा आणि त्यावरचं सगळं सामान) जोडून झाल्यावर पडतो. पॉकेट ४केचा पाच इंची पडदा पाठीवर पक्का बसवलेला आहे, तो उघडत-वळत नाही. रॉडवर मागच्या बाजूला व्ही-माउंट लावली की नेमका तोच झाकतो, आणि मग “पडदाच दिसत नाही” म्हणून मॉनिटरची खरेदी होते. बॅटरी कॅमेऱ्याखाली, बेसप्लेटला धरून लावा, किंवा रॉड लांब घेऊन एवढी मागे न्या की मधून पडदा दिसेल. ट्रायपॉडवरच्या शॉटला तर ती ट्रायपॉडच्या पायालाच क्लॅम्पने टांगा आणि गुंडाळीची डी-टॅप केबल वर आणा. पॅन करताना केबल ताणली जात नाही ना, एवढं बघायचं.

दुसरी वस्तू केज, कॅमेऱ्याभोवतीची धातूची चौकट. त्यावर फार वेळ घालवू नका, पण एक चूक टाळा. पॉकेट ४के आणि पहिला पॉकेट ६के यांचं शरीर एकच आहे, त्यांची केज एकमेकांना चालते. ६के प्रो आणि ६के जी२ यांचं शरीर वेगळं, त्यांची केज तुम्हाला बसणार नाही. सेकंडहँड बाजारात नुसतं “पॉकेट केज” म्हणून विकतात, तेव्हा कॅमेरा सोबत नेऊन बसवून बघा. केज वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही स्क्रूंनी पकडणारी हवी. एकाच स्क्रूवरचा कॅमेरा लेन्सला हात लावला की जागच्या जागी वळतो. योग्य मापाच्या ॲलन की बॅगेत दोन ठेवा, एक हमखास हरवते.

केजसोबत यूएसबी-सी आणि एचडीएमआय केबल पकडणारा क्लॅम्प मागून घ्या. तुमच्या सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू हीच. एसएसडीची, म्हणजे ज्या बाहेरच्या डिस्कवर रेकॉर्डिंग होतं तिची, यूएसबी-सी केबल कॅमेऱ्यात हाताने लावून तिला बोटाने हलकंसं वर-खाली करून बघा. पिन किती डुलते ते जाणवेल. ना स्क्रू, ना कुलूप. चालत्या शॉटमध्ये कुणाच्या कोपराचा धक्का लागला की कॅमेऱ्याच्या दृष्टीने डिस्क नाहीशी होते, रेकॉर्डिंग थांबतं आणि त्या वेळची क्लिप बहुधा उघडत नाही. क्लॅम्पने केबलचं तोंड केजलाच आवळलं की हा डुलणारा भाग राहत नाही. एसएसडी तिच्या होल्डरमध्ये केजवर, आणि केबल पंधरा-वीस सेंटिमीटरची, तीही डेटाची. फोन चार्ज करायची यूएसबी-सी दिसायला तशीच असते, पण तिच्यावर तो वेग मिळत नाही.

एसएसडी कोणती घ्यायची? ब्लॅकमॅजिकच्या कॅमेरा मॅन्युअलमध्ये तपासलेल्या डिस्कची यादी आहे, त्यातलं मॉडेल आणि त्याच क्षमतेची डिस्क घ्या. खोक्यावर छापलेला वेग कॅशेचा, म्हणजे डिस्कच्या आतल्या छोट्या वेगवान साठ्याचा, असतो. स्वस्त डिस्कची कॅशे काही मिनिटांत भरते, मग वेग कोसळतो आणि फ्रेम गळतात. पूर्ण ४०९६ × २१६० चौकटीत ब्लॅकमॅजिक रॉ ८:१ ला (हा आकडा डेटा किती दाबला त्याचं प्रमाण) ३० फ्रेमवर सेकंदाला ५१ मेगाबाइट लागतात, ५:१ ला ८१ आणि ३:१ ला १३५. तुम्ही २५ फ्रेमवर शूट करणार, तेव्हा ८:१ ला तासाला साधारण १५३ गिगाबाइट होतात, ५:१ ला २४३. दिवसाला दीड तास फुटेज धरलं तर सहा दिवसांचं ८:१ मध्ये सुमारे १.४ टेराबाइट. म्हणजे शूटसाठी एक टेराबाइटची एसएसडी, आणि रोज रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय एसएसडी फॉरमॅट करायची नाही. लघुपटाला ८:१ पुरतं. रात्रीच्या अवघड सीनपुरतं ५:१ वर जा.

एसएसडीचा फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. एडिटिंग मॅकवर असेल तर एचएफएस प्लस निवडा, वीज अचानक गेली तरी त्यात नुकसान कमी होतं. विंडोजवर असेल तर एक्सफॅटला पर्याय नाही, आणि म्हणूनच आतली एलपी-ई६ आणखी महत्त्वाची. फ्रेम गळली तर नुसती सूचना द्यायची की रेकॉर्डिंग थांबवायचं, अशी सेटिंग मेनूत आहे. “थांबव” वर ठेवा. टेक वाया गेला हे जागेवरच कळलेलं बरं, एडिटला बसल्यावर नाही. कॅमेऱ्याच्या एसडी खाचेत एक यूएचएस-२, व्ही६० दर्जाचं कार्ड कायम असू द्या. सेकंदाला ६० मेगाबाइटची हमी म्हणजे ८:१ निर्धास्त, आणि हातातल्या धावत्या शॉटला एसएसडी काढून ठेवता येते. कॅमेरा सेकंडहँड आहे तर आधीच्या मालकाकडून दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग सॉफ्टवेअरची चावीही मागून घ्या, नव्या कॅमेऱ्यासोबत ती मिळते.

मॉनिटरच्या आधी अजून एक खरेदी आहे: एनडी फिल्टर, लेन्समध्ये शिरणारा उजेड कमी करणारी काळी काच. तुमच्या कॅमेऱ्यात आतले एनडी नाहीत, आणि मे महिन्यातल्या दुपारी त्यांच्याशिवाय हा कॅमेरा चालत नाही. हिशेब असा. भर उन्हात अपर्चर एफ १६ ला शटरचा आकडा आयएसओइतका (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता), म्हणजे आयएसओ ४०० ला १/४००. तुम्हाला २५ फ्रेमला शटरचा कोन १८० अंश, म्हणजे १/५० हवा. तिथेच तीन स्टॉप जास्त झाले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एफ १६ वरून एफ ४ वर आलात की आणखी चार. सात स्टॉप कापायला एनडी २.१ लागतो. आयएसओ १०० वर आणून दोन स्टॉप वाचवावेत असं वाटेल, पण तसं केल्याने उजळ भागाची दोन स्टॉपची जागा जाते आणि आभाळ पांढरं होतं. ४०० वरच राहा.

साधा काळा एनडी सहा-सात स्टॉपचा झाला की दृश्य प्रकाश अडतो, अवरक्त प्रकाश मात्र बऱ्यापैकी आत शिरतो. काळी छत्री, काळं सुती कापड तपकिरी-जांभळट दिसायला लागतं, आणि ते ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतरच्या रंगसंस्कारात, धड सुटत नाही. म्हणून आयआर-एनडी, म्हणजे अवरक्तही अडवणारा एनडी, घ्या. १.२ आणि २.१ असे दोन पुरतील: एक सकाळ-संध्याकाळचा, एक दुपारचा. तुमच्या लेन्सची थ्रेड ५८ मिलिमीटर आहे, पण फिल्टर ७७ चे घ्या आणि ५८-७७ ची स्टेप-अप रिंग लावा. पुढच्या लेन्सला तेच चालतील. व्हेरिएबल एनडी सोयीचा आहे, पण कमाल टोकाला चित्रावर फुलीसारखी काळी सावली येते, शिवाय आभाळाचा आणि घामेजलेल्या चेहऱ्यावरच्या चमकेचा पोत शॉटगणिक बदलतो. कथापटासाठी मी तो घेणार नाही.

आता मॉनिटर. विकत घेण्याआधी पॉकेट ४केच्या पाठीवर बसणारं सनहूड लावून एक दुपार रानात काम करून बघा. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि डोळ्याच्या उंचीवर असेल तर निम्मे शॉट तेवढ्यावर भागतात. मॉनिटर लागतो तो तीन वेळा: कॅमेरा खूप खाली किंवा खूप वर असेल तेव्हा, फोकस दुसरं कुणी ओढत असेल तेव्हा, आणि दिग्दर्शकाला बघायचं असेल तेव्हा. पहिल्या दोन कामांना पाच ते साडेपाच इंची मॉनिटर हवा, तोच विकत घ्या. तिसऱ्याला सात इंची आणि वायरलेस संच हवा, तो सहा दिवसांसाठी भाड्याने. सात इंची मॉनिटर तुमच्या या हलक्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसला की रिग वरून जड होते आणि प्रत्येक पॅनच्या शेवटी डुलते.

बाहेरच्या कामाला उजेड हाच पहिला निकष. एक हजार निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) खाली उतरू नका. हजाराचा मॉनिटर हूडसकट सावलीत आणि सकाळी चालतो. भर दुपारी दोन हजारांच्या पुढचा हवा. ॲटमॉस शिनोबी पाच इंची एक हजार निट्सचा आहे, रंग चांगले, वजनाला हलका. पोर्टकीजची बीएम५ मालिका जास्त उजेडाची, आणि ती ब्लूटूथवरून पॉकेट कॅमेऱ्याची सेटिंग बदलू शकते. कॅमेरा जमिनीलगत असताना आयएसओ किंवा व्हाइट बॅलन्ससाठी वाकावं लागत नाही, ही सोय मोठी आहे. दुकानात मॉनिटर एसीत बघून ठरवू नका. दाराबाहेर उन्हात न्या, आणि कॅमेरा २५ फ्रेमला ठेवून सिग्नल जोडून बघा.

४के इनपुटसाठी जादा पैसे मोजू नका, तुमचा कॅमेरा ४के बाहेर देतच नाही. पैसे मोजा ते वेव्हफॉर्मसाठी (चित्रातल्या उजेडाचा आलेख), फॉल्स कलरसाठी (उजेडाच्या पातळीनुसार चित्र वेगवेगळ्या रंगांत दाखवणारी सोय) आणि ३३ पॉइंटची एलयूटी (फिक्या चित्राला रंग आणि कॉन्ट्रास्ट देणारी फाइल) घेण्याच्या सोयीसाठी. या तिन्हींत लोक जिथे फसतात ती जागा नीट बघा. कॅमेऱ्यात एचडीएमआयसाठी एलयूटी चालू असेल तर मॉनिटरला रंगवलेलं, कॉन्ट्रास्ट वाढवलेलं चित्र मिळतं, आणि त्याचा फॉल्स कलर त्या रंगवलेल्या चित्राचं माप सांगतो, सेन्सरचं नाही. उलट कॅमेरा लॉग, म्हणजे फिकं, कमी कॉन्ट्रास्टचं चित्र, देत असेल आणि मॉनिटरचा फॉल्स कलर साध्या टीव्ही चित्रासाठी बेतलेला असेल, तरीही रंग चुकीच्या जागी पडतात. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे कॅमेऱ्याचाच फॉल्स कलर वापरणं. तो या कॅमेऱ्याच्या लॉगसाठीच बांधलेला आहे, आणि पाठीवरचा पडदा आणि एचडीएमआय यांच्या सेटिंग वेगळ्या ठेवता येतात. पाठीवर फॉल्स कलर, मॉनिटरवर एलयूटी लावलेलं स्वच्छ चित्र.

तो वाचायचा कसा? उन्हात उभा शेतकरी डोळ्यांपुढे आणा. रापलेला चेहरा, डोक्यावर पांढरी टोपी. फॉल्स कलरमध्ये हिरवा म्हणजे मधला करडा, गुलाबी म्हणजे त्याच्यावर एक स्टॉप. रापलेल्या चेहऱ्याची उजेडाकडची बाजू हिरवी आली की नेमकं, गोरा चेहरा असेल तर गुलाबी. आता टोपीकडे बघा. तिच्या वरच्या घडीवर लाल पट्टा उमटला तर ती घडी गेली, कापडाची वीण तिथे परत येणार नाही. अपर्चर तिसरा हिस्सा स्टॉप बंद करा, पट्टा विरतो का बघा. दोन पावलं टाकून गडी झाडाच्या सावलीत जाणार असेल तर सावलीतल्या चेहऱ्यावर जांभळा (तपशील काळ्यात बुडाल्याची खूण) येत नाही ना, तेही टेकच्या आधीच चालवून बघा.

मॉनिटर बघून उजेड ठरवू नका, विशेषतः रात्री. दिवसा शंभर टक्क्यांवर नेलेला ब्राइटनेस घरातल्या सीनला तसाच राहतो, सगळं लख्ख दिसतं, मग कुणीतरी अपर्चर बंद करतं आणि फुटेज दीड-दोन स्टॉप अंधारं येतं. आत शिरताना ब्राइटनेस खाली आणायचं काम एकाच्या अंगावर टाका. घरातल्या शूटला आयएसओ १२५० किंवा वर जा. तिथून कॅमेऱ्याचा दुसरा, ३२०० चा मूळ टप्पा लागतो आणि १००० पेक्षा १२५० ला नॉइज कमी दिसतो. २५ ऐवजी २४ फ्रेमवर शूट करायचं ठरलं तर शटर १८० नको, १७२.८ अंश ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्या कोनाला शटर बरोबर १/५० होतं आणि ट्यूबलाइट लपलपत नाही.

फोकसबद्दल एक. पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधल्या कडांवर उमटणाऱ्या, रेषा १०८०पी चित्रावरून काढलेल्या असतात. तिथे धारदार दिसलेला डोळा ४के मध्ये मऊ निघू शकतो. तालमीच्या वेळी पाठीवरच्या पडद्यावर दोनदा टिचकी मारून, झूम करून खात्री करा. पीकिंग टेक चालू असताना नुसता आधार म्हणून.

मॉनिटर बसवायला लांब मॅजिक आर्म घेऊ नका, त्याचे सांधे उन्हात सैल पडतात आणि मॉनिटर हळूहळू मान टाकतो. वर-खाली झुकणारा आखूड माउंट घ्या, ज्याला मुख्य स्क्रूशेजारी दोन छोट्या पिना असतात. केजवर तशी भोकं असतील तर मॉनिटर वळत नाही.

मॉनिटरच्या विजेत दोन ठिकाणी उपकरणं जळतात. पहिलं, डमी बॅटरी, म्हणजे बॅटरीच्या जागी बसून बाहेरची वीज आत देणारा खोका. एनपी-एफ आकाराची डमी बॅटरी डी-टॅपला जोडायची असेल तर तिच्यात व्होल्टेज उतरवणारं सर्किट असलंच पाहिजे. नुसत्या तारांची डमी ७.४ व्होल्टच्या जागी १६.८ पाठवते. मॉनिटरच्या पाठीवर इनपुटचा पल्ला छापलेला असतो, तो वाचून मगच केबल घ्या. दुसरं, जोडायचा क्रम. कॅमेरा आणि मॉनिटर दोन्ही एकाच व्ही-माउंटवर असताना आधी दोघांची वीज जोडा, मग एचडीएमआय. काढताना आधी एचडीएमआय, मग वीज. उलटं केलं आणि डी-टॅपची ऋण पिन क्षणभर उशिरा टेकली, तर परतीचा प्रवाह एचडीएमआयच्या कवचातून वाट काढतो आणि पोर्ट जळतो. हा क्रम मार्करने चिकटपट्टीवर लिहून प्लेटला लावा. सैल झालेला डी-टॅप उलटाही घुसतो, तशी केबल फेकून द्या.

साठ हजारांत व्ही-माउंट आणि प्लेट, केज आणि क्लॅम्प, एसएसडी, दोन आयआर-एनडी एवढं आधी बसवा. पाच इंची मॉनिटरला पैसे उरले तर घ्या, नाही तर तोही भाड्याच्या यादीत टाका आणि लघुपट झाल्यावर घ्या.

शूटच्या आठवडाभर आधी सगळं जोडून मे महिन्याच्या दुपारी अंगणात ठेवा. रेकॉर्डिंग चालू करा आणि एसएसडी भरेपर्यंत थांबवू नका. मधे बॅटरी संपेल तेव्हा बदला, आतली एलपी-ई६ तेवढा वेळ धरते का बघा, दर तासाला केबलची तोंडं हाताने चाचपा, फ्रेम गळल्याची नोंद आली का बघा. कॅमेऱ्याच्या हवेच्या फटींवर टेप किंवा कापड येत नाही ना, तेही तेव्हाच दिसेल. फर्मवेअर बदलायचं असेल तर या चाचणीच्या आधी बदला. चाचणी झाल्यावर त्याला हात लावू नका.